गुरुवारची गोळी

गोळीचे दोन भाग असतात, एक पिवळा आणि एक करडा. पिवळा किंचित रुंद असतो. तो करड्यावर टोपीसारखा बसतो आणि बसताना त्याची कड एका बारीक वळ्यापाशी येऊन थांबते. तीन वर्षं रोज पाहून थोरलीला तो वळा पाठ झाला होता. त्या रविवारी सकाळी तिच्या तळहातावर पडलेल्या गोळीची टोपी वळ्यापर्यंत पोचलीच नव्हती. मध्ये अर्ध्या तांदळाएवढं अंतर होतं.

उकाड्यानं फुगली असेल, असं म्हणून तिनं ती पाण्याबरोबर गिळली.

"घेतलीस?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं डबीचं झाकण लावून डबी खिशात टाकली होती.

"घेतली."

"बरं वाटतंय?"

"आत्ता तर गिळली. पोटात तरी पोचू दे तिला."

तो हसला. त्याला सगळे मापाडी म्हणत. दूध असो, वैरण असो, की कुणाच्या बोलण्यातलं खरंखोटं, मापल्याशिवाय तो काही पुढं जाऊ देत नसे. लग्न झाल्यावर थोरलीला या गुणाचं कौतुक वाटलं होतं. दारुड्या नवऱ्यापेक्षा मोजणारा नवरा बरा, असं तिची आई म्हणायची.

गोठ्यात अकरा गायी होत्या. त्यांतल्या सहा गेल्या तीन आठवड्यांत व्यायल्या होत्या आणि नेमका याच वेळी धारेचा गडी गावी गेला तो परत आलाच नाही. सासूची बोटं सांध्यांत वाकलेली, तिच्या मुठीत सड मावायचा नाही. धाकट्या जावेला आठवा महिना, तिला खाली बसता येत नव्हतं. दीर कॅन घेऊन डेअरीवर जायचा तो दुपारीच यायचा. मापाडीचा हात जड. तो बसला की गायी दूध चोरायच्या. धारेच्या यंत्राचा विषय दर वर्षी निघे आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर जाई. राहिली थोरली. तिचा हात कासेला लागला की गाय पाय सैल सोडून पान्हा सोडायची. या हाताची ख्याती आजूबाजूच्या चार गोठ्यांत होती. दुखत होता तोही हाच हात.

तीन वर्षांपूर्वी खांद्याच्या पात्याखाली सुरू झालं. मग दंडातून कोपराकडे, कोपरातून शेवटच्या दोन बोटांकडे. आतून कुणी तापलेली तार हळूहळू ओढून घ्यावी तसं. कधी हाताला कापडसुद्धा सोसायचं नाही. फोटो काढले, रक्त तपासलं, हाताला सुया टोचून विजेवर नसा तपासल्या. काही निघालं नाही. 'काही निघालं नाही' हे वाक्य पहिल्या वर्षी घरात सुटकेच्या सुरात म्हटलं जायचं. दुसऱ्या वर्षी त्याचा सूर बदलला. तिसऱ्या वर्षी सासू ते शेजारणींना डोळे मोठे करून सांगू लागली.

गावातल्या डॉक्टरनं या पिवळ्या-करड्या गोळ्या दिल्या. एक घ्या, दुखलं तर दोन घ्या. गोळीनं दुखणं जात नसे, पण ते शेजारच्या खोलीत जाऊन बसे. मधलं दार लोटल्यासारखं वाटे आणि तेवढ्यात अकरा गायी होऊन जात.

रविवारी दुसरी गाय चालली होती तेव्हा सासू चहा घेऊन गोठ्यात आली. अकरा वर्षांत तिनं सुनेला चहा गोठ्यात आणून दिला नव्हता.

"कसं आहे गं आज?"

"आहे तसंच, आई."

"तसंच म्हणजे? कमी की जास्त?"

थोरलीनं मान वर करून पाहिलं. "जरा कमी," ती म्हणाली, कारण चहा आणून देणाऱ्या माणसाला 'जास्त' म्हणणं बरं दिसत नाही.

दुपारी धाकटीनंही तेच विचारलं. संध्याकाळी नवऱ्यानं परत विचारलं. थोरली भाजी निवडता निवडता धाकटीला म्हणाली, "आज सगळ्यांना माझा पुळका आलाय. मी मरणार-बिरणार आहे का गं? मला न सांगता डॉक्टर काही बोलला असेल तर सांग बाई, चार चांगल्या गोष्टी खाऊन तरी घेते."

धाकटी हसली, पण लगेच तिनं निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

थोरलीला मात्र आतून बरं वाटलं होतं. माणूस दुखण्याला सरावतं, पण दुखण्याची कुणी चौकशी करत नाही याला सरावत नाही. त्या रात्री ती उजव्या हाताखाली उशी घेऊन पडली आणि नवऱ्याबद्दल तिच्या मनात ओलावा दाटून आला.

सोमवारी सकाळपासून तिला जांभया येऊ लागल्या. झोपेच्या नव्हेत, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक गळायला लागलं. उन्हात उभी असताना दंडावर काटा आला आणि तो उतरेना. गोळी चुकली की अंगाला असं होतं, हे तिला माहीत होतं. पण आज गोळी चुकली नव्हती. सकाळची घेतली होती, नवऱ्यासमोर.

म्हणजे आता घेते तेवढ्याही पुरत नाहीत, असं तिच्या मनात आलं आणि तिला लाज वाटली. आठ महिन्यांपूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी याचाच इशारा दिला होता. नवरा शेजारच्या खुर्चीवर बसला होता. बाई म्हणाल्या होत्या, "दुखण्याचं कारण मला सापडलेलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे दुखत नाही, असं मी म्हणत नाही." हे वाक्य ऐकून थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं बाईंनी गोळ्यांचं सांगितलं. या गोळ्यांची अंगाला सवय लागते. त्या सोडवायच्या तर तीन आठवडे इथं भरती व्हावं लागेल. रोज थोडी थोडी कमी करू, हाताचे व्यायाम शिकवू, दुसरी औषधं लावू. मग त्या मापाडीकडे वळून म्हणाल्या, "घरी एकदम बंद करू नका. अंगाला धोका असतो. समजलं ना?" मापाडीनं मान डोलावली होती.

भरतीचा कागद थोरलीनं कपाटात ठेवला. आधी पाऊस होऊन जाऊ दे, मग वैरण भरून होऊ दे, मग गायी व्यायल्या की जाते, असं करत कागद कपाटातच राहिला. नवरा कधी 'जाऊ नको' म्हणाला नाही. तो फक्त तिचं वाक्य पुरं करायचा. ती म्हणायची, "जायला हवं, पण..." आणि तो म्हणायचा, "पण गायी."

तीन आठवड्यांपूर्वी तिनं आपण होऊन त्याला डबी दिली होती. "तुमच्याकडे ठेवा. सकाळी एक, संध्याकाळी एक, तुमच्या हातानं द्या. माझ्या हाताचा मला भरवसा नाही." तो गंभीर झाला होता. डबी घेताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

हे सांगायचं तर दुसरंही सांगायला हवं. डबी द्यायच्या आधी तिनं चाळीस गोळ्या बाजूला काढल्या होत्या. डॉक्टरच्या एकाच चिठ्ठीवर दोन दुकानांतून गोळ्या आणायची युक्ती तिला वर्षापूर्वीच जमली होती. त्या चाळीस गोळ्या फडक्यात बांधून तिनं गुरांच्या मिठाच्या गोणीत, तळाशी, खुपसल्या होत्या. देवाणघेवाण चोख आणि थोडं हातचं राखून. माणूस देवाशीही असंच वागतं. पुरचुंडीतल्या गोळ्या कधी दिवसाला एक, कधी तीन अशा संपत आल्या होत्या. रविवारी तिनं एक घेतली. सोमवारी दोनच उरल्या, म्हणून तिनं हात लावला नाही.

सोमवारी संध्याकाळी ती पहिलारू गायीला बसली. गाय नवखी, माणसाच्या हातातला कंप तिला कातडीतून कळतो. थोरलीचा अंगठा सडावर थरथरला आणि गायीनं पाय उचलला. चरवी उलटली. अर्धी चरवी दूध शेणात गेलं आणि खुराची कड थोरलीच्या पोटरीला लागली.

"काय चाललंय?" मापाडी धावत आला. आधी त्यानं चरवी उचलली. "हात का थरथरतोय?"

"झोप नाही झाली."

"गोळी दिली ना सकाळी?"

"दिली ना. तुम्हीच तर दिली."

त्यानं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डेअरीतला माणूस दुधात लॅक्टोमीटर सोडून रेघ वाचतो तसं. सासू दारातून म्हणाली, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हिच्याकडे हत्ती आला तो बसूनच राहिला. वैरण चांगली मिळत असेल."

थोरली पोटरी चोळत पुढच्या गायीकडे गेली.

मंगळवारी पहाटे तिनं मिठाच्या गोणीत हात घातला आणि उरलेल्या दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या. वर नवऱ्यानं दिलेली. अर्ध्या तासात अंगावरचा काटा उतरला. नाक थांबलं. तार थंड झाली. अकरा गायी तिनं एका बैठकीत म्हणावं तशा काढल्या. पहिलारूशी गप्पा मारल्या, तिच्या कानामागं खाजवलं, "काल माझं चुकलं बरं का, आज तुझी पाळी," म्हणाली. धाकटीला हसू आलं. सासूही हसली. कॅन गाडीवर चढवताना दीर म्हणाला, "वहिनी आज फॉर्मात आहेत."

मापाडी हसला नाही. तो गोठ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. गायी कधी फळल्या, कधी विणार, कुणाला कोणतं इंजेक्शन दिलं, हे सगळं त्या कॅलेंडरवर असायचं. कानामागची पेन्सिल काढून त्यानं काहीतरी केलं. थोरलीनं ते पाहिलं आणि विसरली.

बुधवार वाईट गेला. गोणीत आता फक्त मीठ होतं. सकाळची गोळी घेऊन ती बसली, पण चौथ्या गायीनंतर तिला उठून गोठ्यामागं जावं लागलं. पोटातलं पाणीसुद्धा राहिलं नाही. मग ती तिथंच वैरणीच्या ढिगाला टेकली. पाय आपोआप हलत होते. हातातली तार आता हातापुरती राहिली नव्हती; जबड्यात, पाठीत, पायांच्या नळ्यांत पसरली होती.

"ऊठ," नवरा म्हणाला. "काळी ओरडतेय."

"आज नाही होत हो. खरंच नाही."

"काल झालं. आज का नाही?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती उठली.

काळीचं वासरू दहा दिवसांपूर्वी मेलं होतं. वासराशिवाय ती पान्हा सोडेना, म्हणून मापाडीनं त्याचं कातडं वाळवून, त्यात पेंढा भरून, चार काठ्यांवर ते उभं केलं होतं. धारेच्या वेळी तो ते काळीच्या तोंडाशी आणून ठेवायचा. काळी त्याला चाटायची, अगदी मन लावून, पाठीवरून शेपटीपर्यंत. शिवणीतून पेंढा बाहेर आला होता तिथंही चाटायची. आणि कास भरायची.

बुधवारीही तसंच झालं. थोरलीनं कपाळ काळीच्या कुशीला टेकवलं आणि डोळे मिटून धार काढली. वासरू धरून उभा असलेला नवरा तिच्याकडेच पाहत होता हे तिला जाणवलं. तिला वाटलं, काळजीनं पाहत असेल.

गुरुवारी सकाळची गोळी गिळून ती बसली आणि कुणास ठाऊक कसं, दुसऱ्या गायीपर्यंत अंग निवळलं. जांभया थांबल्या. हात दुखत होता, पण लांबून. पुरचुंडी संपलेली, एकच गोळी पोटात, तरी ती सगळ्या गायी काढून उठली. दुपारी भिंतीशी पडली तर चक्क दोन तास झोप लागली. जाग आली तेव्हा सासू दारात उभी राहून धाकटीला हळू आवाजात म्हणत होती, "बघ. म्हटलं नव्हतं?"

"काय म्हटलं होतं, आई?" थोरलीनं पडल्या पडल्या विचारलं.

"काही नाही. म्हटलं, थोरलीला आज आराम पडलाय."

शुक्रवारी सकाळी आराम संपला. उठल्यापासून अंग घामानं निथळत होतं. मापाडीनं डबी उघडून गोळी तिच्या तळहातावर टाकली आणि तो वैरण कापायला गेला. पाण्याचा तांब्या भरेपर्यंत गोळी ओल्या मुठीत राहिली. मूठ उघडली तेव्हा पिवळी टोपी वेगळी झाली होती आणि तळहाताच्या रेषांत पांढरी भुकटी भिजत होती.

थोरली त्या भुकटीकडे पाहत राहिली. गोळीच्या आतलं औषध तिनं एकदा पाहिलं होतं. बारीक, कोरडं आणि विषासारखं कडू. हे चिकट होत होतं. तिनं हात नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. जिभेचं टोक लावलं. गोड लागलं.

वासरांना पाजायची दुधाची भुकटी. रोज सकाळी ती स्वतः कोमट पाण्यात कालवायची ती.

गायी ओरडत होत्या. मग ती गोठ्याच्या भिंतीपाशी गेली आणि कॅलेंडर वाचू लागली. पहिलारूच्या विण्याच्या तारखेखाली, काळीच्या इंजेक्शनाच्या वर, या आठवड्याच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक गोल काढले होते. रविवारी रिकामा गोल, पुढं 'ठीक'. सोमवारी रिकामा, 'वाईट'. मंगळवारी रिकामा, 'बरी'. बुधवारी भरलेला, काळा केलेला गोल, 'फार वाईट'. गुरुवारी रिकामा, आणि पुढं 'एकदम बरी'. त्याखाली दोन रेघा. शुक्रवारी रिकामा गोल काढून ठेवला होता. त्यापुढं अजून काही लिहायचं होतं.

तिचं नाव कुठंच नव्हतं. गायींची तरी होती.

धाकटी मागं येऊन उभी राहिली होती. थोरलीनं ओला तळहात तिच्यासमोर धरला.

"तुला माहीत होतं?"

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, आई म्हणाल्या कुणी बोलायचं नाही. बोललं तर खरंखोटं कळणार नाही म्हणाल्या. तुमच्या भल्यासाठीच..."

"आणि तू रोज विचारायचीस, ताई कसं वाटतंय."

"भाऊजींनी सांगितलं होतं विचारायला."

थोरलीला वाटलं, पोटरीला खूर लागला ते यापेक्षा बरं होतं. गोळीतलं औषध काढून घेतलं ते एक वेळ सोसता आलं असतं. पण सहा दिवस जी माया तिनं खरी समजून पोटाशी धरली होती, तीही कुणीतरी आतून पोखरून वर टोपी बसवलेली निघाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मापाडी वैरणीचा भारा घेऊन आत आला. कॅलेंडर, थोरली, तिचा हात, हे त्यानं क्रमानं पाहिलं आणि भारा खाली ठेवला. त्याला लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तो सुटल्यासारखा दिसला.

"बरं झालं कळलं ते," तो म्हणाला. "आता नीट बोलता येईल."

"बाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, एकदम बंद करू नका."

"बंद कुठं केली? बुधवारी खरी दिली होती की. दोन्ही वेळा." तो कॅलेंडरपाशी आला आणि त्यानं बोट ठेवलं. "हे बघ. चिडू नकोस, नुसतं बघ. बुधवारी खरी गोळी, तर तू ओकत होतीस. मंगळवारी आत नुसती भुकटी, तर अकरा गायी हसत काढल्यास. सगळ्यांनी पाहिलं. काल भुकटी, तर दोन तास घोरलीस. मग मला सांग, दुखतं कुठं?"

तिनं चिकट तळहात भिंतीला पुसला.

"मी म्हणत नाही तू मुद्दाम करतेस," तो हळू आवाजात म्हणाला, आणि ते जास्तच लागलं. "औषधवालाही म्हणाला, बायकांचं निम्मं दुखणं मनात असतं. काळीवरून मला सुचलं बघ. तिला वाटतं वासरू आहे, पान्हा सोडते. तुला वाटतं गोळी आहे, हात चालतो. मग तीन आठवडे दवाखान्यात कशाला? घरच्या घरी सुटेल."

सासू येऊन उभी होती. "सगळी सोंगं आणता येतात बाई," ती म्हणाली, "पण सोंग करणाऱ्यालाच सोंग कळेनासं झालं, मग काय करायचं?"

"काळीचं दूध खरं असतं ना, आई?" थोरली म्हणाली.

"काय?"

"वासरू खोटं असतं. दूध खोटं असतं का? तुम्ही ते डेअरीला घालता."

सासूनं मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "बोलण्यात हरवू नको मला. मंगळवारचं सांग. मंगळवारी काय झालं?"

मंगळवारी काय झालं ते तिला पक्कं माहीत होतं. मिठाच्या गोणीत गेलेला हात, दोन गोळ्या, अर्धा तास. ते सांगितलं की त्याच्या कॅलेंडरचा निम्मा पुरावा तिथल्या तिथं ढासळला असता. आणि ते सांगितलं की ती चोर ठरली असती. दोन दुकानं, चाळीस गोळ्या, 'माझ्या हाताचा मला भरवसा नाही' म्हणत डबी देण्याचं ते सगळं नाटक. खरं दुखणारी ठरायचं तर आधी खोटारडी ठरावं लागत होतं. ती तोंड उघडेना हे पाहून मापाडीनं मान हलवली, माप बरोबर आल्यावर हलवायचा तशी.

"गायी खोळंबल्यात," तो म्हणाला.

आणि ती बसली. हे तिला नंतर सगळ्यात जास्त खुपलं. सड धरायला मूठ वळत नव्हती, घाम डोळ्यांत जात होता, तरी ती आठ गायींखाली एकामागून एक बसली, कारण कास भरलेली असताना गायीला दुखतं आणि गायीचं दुखणं या घरात कुणी मोजून पाहत नाही. निम्म्या गायींचं दूध तिला पुरतं काढता आलं नाही. शेवटच्या तीन नवऱ्यानं काढल्या. गायींनी दूध चोरलं.

दुपारभर ती खोलीत पडून होती. कपाटातला कागद तिनं काढला आणि छातीवर ठेवला. त्यावर 'भरती: तीन आठवडे' असं लिहिलं होतं आणि खाली बाईंची सही. कधी, ते लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, या गोळ्यांची सवय असलेल्या माणसाला तारीख देऊन उपयोग नसतो, तुम्ही याल तो दिवस.

आठ महिन्यांत ती का गेली नाही, याचा तिनं शांतपणे विचार केला. गायी होत्याच. पण दर वेळी ठरवायला बसलं की गोळीची वेळ व्हायची, गोळी लागू पडायची, आणि मग वाटायचं, इतकं काही वाईट नाही, पुढच्या महिन्यात बघू. ठरवायचं डोकं आणि गोळी घेतलेलं डोकं एकच होतं. आणि गुरुवार? गुरुवारी पोटात भुकटीशिवाय काही नव्हतं आणि तरी आराम पडला होता. तिनं उलटसुलट विचार केला. त्याचा उलगडा तिला होईना. बाईंना होईल कदाचित. नाहीही होणार.

संध्याकाळच्या धारेला मापाडीनं पाट काळीपाशी मांडला, चरवी ठेवली, पेंढ्याचं वासरू आणून उभं केलं. मग त्यानं डबी काढली. तिची अवस्था पाहून तोही घाबरला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं गोळी निवडून काढली आणि तळहातावर धरली.

"घे. ही खरी आहे. शपथ."

गोळी पिवळी-करडी होती. टोपी वळ्यापर्यंत बसलेली. तिचं सगळं अंग त्या हाताकडे झुकलं. तोंडात पाणी सुटलं. तिनं गोळी उचलली आणि लक्षात आलं की ती खरी असली तरी आता तिला कधी खात्री वाटणार नाही. या हातातून आलेल्या कशाचीच. आणि दुसरंही लक्षात आलं: खरी असेल तर अर्ध्या तासात ती पाटावर बसलेली असेल. जे बोलायचं ते गिळायच्या आत बोलायला हवं.

तिनं गोळी मुठीत ठेवली.

"मी दोन घेत नव्हते," ती म्हणाली. "चार घेत होते. कधी पाच. तुम्हाला डबी दिली त्याआधी चाळीस लपवल्या होत्या. मिठाच्या गोणीत. दोन दुकानांतून आणायचे. मंगळवारी त्यातल्या शेवटच्या दोन घेतल्या, म्हणून हसत होते. बुधवारी तुमची खरी गोळी माझ्या अंगाला जाणवलीसुद्धा नाही."

मापाडी हातातल्या डबीकडे बघत राहिला. सासू म्हणाली, "अगं बाई! म्हणजे इतके दिवस..."

"हो. चोरी करत होते. खोटं बोलत होते. तेही लिहा." ती कॅलेंडरकडे बघून म्हणाली. "गुरुवारचं मला माहीत नाही. गुरुवारी मला बरं का वाटलं ते खरंच माहीत नाही. पण मला दुखतं. त्या दिवशीही दुखत होतं, लांबून."

"तू मला फसवलंस," मापाडी म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मापाबाहेर गेला होता.

"फसवलं. आणि मग तुम्ही मला फसवलंत. तुमच्या फसवण्यात घरातली सगळी होती. माझ्या फसवण्यात मी एकटी होते."

काळी वासराला चाटत होती. कास भरून आली होती आणि एका सडातून आपोआप थेंब गळायला लागले होते. धाकटी दाराशी रडत होती. मापाडीनं चरवी उचलली, पुन्हा ठेवली.

"बरं, ते नंतर बोलू," तो म्हणाला. "आधी बस. कास भरलीय. हा व्यायचा हंगाम होऊ दे, मग आपण दोघं जाऊ, मी स्वतः..."

"उद्या," थोरली म्हणाली. "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी दवाखान्यात भरती व्हायला जाणार आहे. एकटी. डबी इकडे द्या, वाटेत लागतील तेवढ्या मीच मोजून घेईन आणि उरलेल्या बाईंच्या हातात देईन. तीन आठवडे सांगितलेत, चार लागले तर चार राहीन. आणि परत आले तरी या पाटावर मी बसणार नाही."